मुलाखत, तंबोरा आणि क्लिकचा हिशेब

कला शाखेच्या विद्यार्थ्याने बाजारात जावे ते फक्त भाजी आणायला, असे आमच्या वर्गातील एक मित्र नेहमी म्हणतो. त्याच्या या विनोदाला आम्ही सारे मनापासून हसत आलो. पण एम. ए. चे दुसरे वर्ष सुरू झाले, आणि घरातल्या दिनदर्शिकेवर वडिलांनी आपल्या रेल्वेतील निवृत्तीच्या तारखेभोवती लाल पेन्सिलीने वर्तुळ काढले, तेव्हा त्या विनोदातला काटा मला टोचू लागला. अर्थशास्त्राची पदवी हाती होती. दोन वर्षे सकाळचे तास सांभाळून दुपारी मी एका कापडदुकानाची इंटरनेटवरील पाने पाहात होते. म्हणजे साड्यांची छायाचित्रे काढणे, भाव लिहिणे आणि ‘अजून आहे का?’ या प्रश्नाला दिवसातून पन्नास वेळा उत्तर देणे. तेवढ्या भांडवलावर मी ‘सहायक व्यवस्थापक, ऑनलाइन मार्केटिंग’ अशा भारदस्त नावाच्या जागांसाठी अर्ज करू लागले.

दोन मुलाखती झाल्या. पहिलीत मी साफ आपटले. दुसरीपर्यंत अडीच महिने मिळाले. त्या अडीच महिन्यांची हकिगत लिहून काढावी असे वाटले, कारण आपल्यापैकी कित्येकजण येत्या वर्षी याच वाटेने जाणार आहेत.

पहिली मुलाखत कोल्हापूरला होती. मी एका शिकवणी वर्गाच्या चाळीस पानी टिपणांची झेरॉक्स मिळवून ती पोपटासारखी पाठ केली होती. समोरच्या गृहस्थांनी शांतपणे विचारले, “बाउन्स रेट म्हणजे काय?” मी घडाघडा म्हटले : संकेतस्थळावर येऊन एकच पान पाहून निघून जाणाऱ्यांचे शेकडा प्रमाण. ते म्हणाले, “समजा, एकाने ते एकच पान पाच मिनिटे लक्षपूर्वक वाचले आणि तुम्हाला फोन केला. तोही परत गेलेलाच समजायचा का?” मी ‘हो’ म्हटले. आता ‘नाही’ म्हणायचे सुचायला हवे होते, पण टिपणांत तसे नव्हते ना! मग त्यांनीच सांगितले की ही व्याख्या गूगलच्या जुन्या मोजणीतली. ती मोजणी १ जुलै २०२३ पासून थांबली. तिच्या जागी आलेल्या ‘गूगल अ‍ॅनालिटिक्स ४’ मध्ये पाहुणा दहा सेकंदांहून अधिक थांबला, किंवा त्याने दोन पाने पाहिली, किंवा आपण महत्त्वाची ठरवलेली एखादी कृती केली, तर ती भेट ‘गुंतलेली’ धरतात. उरलेल्या भेटी बाउन्समध्ये जातात. थोडक्यात, मी घर सोडून गेलेल्या माणसाचा पत्ता पाठ करून गेले होते.

दुसरा प्रश्न त्याहून सोपा होता. “स्वतः पैसे घालून कधी जाहिरात चालवली आहे?” नव्हती. नवव्या मिनिटाला मी बाहेर होते.

परत आल्यावर विभागातील बाईंना सगळे सांगितले. बाई सांत्वन वगैरे करण्याच्या भानगडीत पडल्या नाहीत. म्हणाल्या, “मागणीचा सिद्धांत तू तीन वर्षे लिहिलास. एकदा तरी खऱ्या मागणीच्या मागे लागून बघ. कुणाचा तरी माल विक.”

मिरजेत राहून कुणाचा माल विकायचा, याला फार शोध लागत नाही. आमच्या घरापासून सतारमेकर गल्ली चालत दहा मिनिटांवर आहे. तेथील एका वृद्ध कारागिरांकडे आमच्या आजोबांपासूनचे जाणे-येणे. मी त्यांना चाचा म्हणते. एके काळी शस्त्रे घडवणारी, त्यांना धार लावणारी ही घराणी पुढे तंतुवाद्यांकडे वळली. पंढरपूरच्या बाजूचा भोपळा, तुणीचे लाकूड आणि पिढीजात हात यांच्या जोरावर त्यांनी मिरजेचे नाव देशभरच्या गवयांच्या घरी नेले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ येथे राहिले आणि १९३७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर येथेच विसावले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. मात्र चाचांच्या दुकानात त्या दिवशी तंबोरे भिंतीला टेकून रांगेने उभे होते आणि गिऱ्हाईक एकही नव्हते. बेंगळुरूत १९७९ च्या सुमारास विजेवर चालणारा तंबोरा आला, पुढे तो मोबाइलमध्ये शिरला. आता शिकणाऱ्या मुलाला सूर धरायला लाकूड लागतेच असे नाही.

मी चाचांना म्हटले, “माझे तीन हजार रुपये घालते. तुमच्या तंबोऱ्याची गूगलवर जाहिरात करू. विकला गेला तर तुमचा फायदा, नाही तर माझे शिक्षण.” चाचा म्हणाले, “बेटी, शिक्षण महाग आहे.” ते किती खरे होते हे मला आठवड्याभरात कळले.

शोधयंत्रातील जाहिरातीचे तत्त्व असे. कुणी काय शोधले की आपली जाहिरात दिसावी, ते शब्द आपण ठरवायचे. दिसण्याचे पैसे सहसा पडत नाहीत. कुणी तिच्यावर बोट ठेवले, म्हणजे क्लिक केले, की पैसे पडतात. एकाच शब्दासाठी अनेकजण बोली लावत असतील तर नुसता जास्त बोलणारा वर जातो असेही नाही. जाहिरात आणि तिच्यामागचे पान शोधणाऱ्याच्या कामाचे आहे का, याचाही हिशेब होतो. मी मोठ्या ऐटीत ‘तानपुरा’ हा शब्द निवडला, आणि त्याच्या आसपासच्या सर्व शब्दांनाही जाहिरात दिसेल अशी ढिली जुळणी ठेवली. पहिल्या सहा दिवसांत अठराशे रुपये उडाले. क्लिक भरपूर. मी रोज रात्री आकडा पाहून खूश. फोन मात्र एकही नाही.

सातव्या दिवशी मी लोकांनी प्रत्यक्ष टाइप केलेल्या शब्दांचा अहवाल उघडला. तो पहिल्याच दिवशी उघडायला हवा होता. त्यात काय असावे? ‘तानपुरा सी शार्प’, ‘तानपुरा अ‍ॅप’, ‘तानपुरा डाउनलोड’, ‘तानपुरा फुकट’. ही सगळी मंडळी रियाझाला बसलेली! त्यांना काळी एकचा सूर ऐकायचा होता. मी त्यांना लाकडाचा तंबोरा दाखवत होते आणि प्रत्येकाच्या कुतूहलाचे पैसे माझ्या खिशातून जात होते. चाचांना हे समजावून सांगितले तर ते हसू लागले. “ऐकायला येतात ते घ्यायला येत नाहीत, हे मी दुकानात चाळीस वर्षं बघतोय. मला फक्त चहा पाजावा लागतो. तुला पैसे मोजावे लागले.”

या विद्येच्या इंग्रजी पुस्तकांत ज्याला शोधणाऱ्याचा हेतू म्हणतात, तो मला चाचांच्या त्या एका वाक्यात समजला. एकच शब्द टाइप करणारे दोघे एकाच कामासाठी आलेले नसतात. मी ‘अ‍ॅप’, ‘डाउनलोड’, ‘फुकट’, ‘एमपीथ्री’ आणि सुरांची नावे हे शब्द वर्ज्य शब्दांच्या यादीत टाकले, आणि ‘तानपुरा किंमत’, ‘मिरज तानपुरा खरेदी’, ‘बायकी तंबोरा’ असे विकत घेणाऱ्याच्या तोंडचे शब्द ठेवले. दिसण्याचा आकडा कोसळला. क्लिक मूठभर उरले. पण उरलेल्या बाराशे रुपयांत चार फोन आले.

पानावरही बदल करावा लागला. आधी तेथे चाचांच्या घराण्याचा इतिहास आणि माझी लडिवाळ वर्णने होती. फोन करणारे मात्र तीनच गोष्टी विचारत : कोणत्या पट्टीचा आहे, जवारी कोणी काढली, आणि वाहतुकीत भोपळा फुटला तर काय? (भोपळा फुटण्याची भीती त्यांना किमतीपेक्षा मोठी वाटे. मला हे कोणत्याही पुस्तकातून कळले नसते.) मग आम्ही प्रत्येक वाद्याची एक मिनिटाची ध्वनिफीत टाकली, पट्टी ‘काळी एक’, ‘काळी चार’ अशी आपल्या लोकांना कळेल तशी लिहिली, आणि भोपळ्याभोवती गादी घालून पेटी कशी बांधतात त्याचे छायाचित्र दिले. मजकूर निम्म्याहून कमी झाला.

एक चूक येथेच कबूल करते. उत्साहाच्या भरात मी जाहिरातीत ‘भौगोलिक मानांकनप्राप्त तंबोरा’ असे लिहून टाकले. वर्तमानपत्रांत तशा बातम्या आल्याच होत्या! बाईंनी १९९९ चा भौगोलिक मानांकनाचा कायदा काढून दाखवला. मानांकन वस्तूला व प्रदेशाला मिळते. पण ते वापरायचे तर उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंदणी करावी लागते. चाचांनी ती केलेली नव्हती. त्याच रात्री शब्द काढला आणि नोंदणीचा अर्ज कोठे करायचा ते शोधायला बसले. मुलाखतीच्या दृष्टीने हे प्रकरण मला नंतर फार उपयोगी पडले, कारण व्यवस्थापकाच्या जागेसाठी ‘दावा करताना पुरावा कोठे आहे’ हा प्रश्न हमखास येतो. भारतीय जाहिरात मानक परिषद १९८५ पासून आहे. पैसे घेऊन समाजमाध्यमांवर वस्तूची वाखाणणी करणाऱ्यांनी ते स्पष्ट लिहावे, असे तिने २०२१ मध्ये ठरवून दिले. २०२३ मध्ये व्यक्तिगत विदेच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. एवढे तरी माहीत असावे. गिऱ्हाइकांचे फोन क्रमांक हा आपल्या मालकीचा माल नव्हे, हे एकदा मनात ठसले म्हणजे पुढची कलमे वाचणे सोपे जाते.

आता आकड्यांकडे वळू. आपण कला शाखेचे लोक येथे बिचकतो; बिचकण्यासारखे त्यात काही नाही, चौथीचा त्रैराशिक पुरेसा आहे. समजा, जाहिरातीवर ५,००० रुपये खर्च केले. ती २५,००० वेळा दिसली आणि ५०० जणांनी क्लिक केले. म्हणजे क्लिकचे प्रमाण शेकडा २, आणि एका क्लिकला १० रुपये. त्या ५०० पैकी १० जणांनी चौकशी केली : चौकशीमागे ५०० रुपये. दोघांनी प्रत्येकी १५,००० रुपयांचे वाद्य घेतले : गिऱ्हाइकामागे २,५०० रुपये. विक्री ३०,००० झाली, खर्च ५,०००. म्हणजे जाहिरातीच्या रुपयाला सहा रुपये परत. टाळ्या! पण थांबा. लाकूड, भोपळा, तारा, मजुरी वजा जाता एका वाद्यामागे जर २,००० रुपयेच सुटत असतील, तर दोन वाद्यांत सुटले ४,००० आणि जाहिरातीला गेले ५,०००. सहापट परतावा मिळूनही एक हजाराचा खड्डा! हे उदाहरण मी स्वतः वहीत पाच वेळा निरनिराळे आकडे घालून सोडवले. शिकाऊ माणसाला परतावा सांगता आला तरी चालेल. व्यवस्थापक व्हायचे तर नफ्यातून किती सोडता येते, येथून सुरुवात करावी लागते.

दुसऱ्या मुलाखतीच्या आधी आठ दिवस मी त्या कंपनीच्या अभ्यासाला दिले. ‘आमच्याबद्दल’ हे पान सगळेच वाचून जातात, त्याने काही होत नाही. मी त्यांचे संकेतस्थळ वडिलांच्या जुन्या मोबाइलवर उघडून पाहिले, चौकशीचा अर्ज भरून पाहिला, गूगलच्या नकाशावर लोकांनी केलेल्या तक्रारी वाचल्या. फेसबुकवाल्या मेटा कंपनीचे जाहिरातींचे एक खुले दप्तर आहे. कोणाच्या कोणत्या जाहिराती सध्या चालू आहेत ते तेथे कोणालाही पाहता येते. गूगलनेही २०२३ मध्ये तसेच दप्तर उघडले. तेथे त्या कंपनीच्या आणि तिच्या दोन प्रतिस्पर्ध्यांच्या जाहिराती पाहून मी तीन प्रश्न आणि एक सूचना लिहून घेतली. सूचना एकच. मुलाखतीला गेलेल्या पाहुणीने यजमानाच्या घरातील जळमटे मोजून दाखवू नयेत असे मला वाटते.

साधनांचा सरावही फुकट होतो. गूगलचा ‘स्किलशॉप’ नावाचा अभ्यासक्रम विनामूल्य आहे. त्यांच्याच एका दुकानाच्या खऱ्या आकडेवारीचे नमुना-खाते अ‍ॅनालिटिक्समध्ये कोणालाही उघडून पाहता येते. ग्रंथालयाच्या संगणकावर मी रोज तास-दीड तास ते चाळत असे. प्रमाणपत्रे मिळाली. ती अर्जावर शोभतात, यापलीकडे त्यांच्याबद्दल माझे फारसे मत नाही.

बाईंनी आणि दोन मैत्रिणींनी माझी खोटी मुलाखत तीनदा घेतली. त्यातली मला सर्वांत अवघड गेलेली गोष्ट म्हणजे ‘माहीत नाही’ हे न ओशाळता म्हणणे, आणि ‘दरमहा एक लाख रुपये दिले तर कसे खर्च कराल?’ या प्रश्नावर लगेच गूगलला इतके, इन्स्टाग्रामला इतके अशी वाटणी न करणे. बाई म्हणाल्या, “वैद्य नाडी न बघता पुडी बांधतो का?” तेव्हापासून मी आधी उलट विचारायला शिकले : एका विक्रीत सुटते किती, गिऱ्हाईक निर्णयाला किती दिवस घेतो, विक्री संकेतस्थळावर होते की फोनवर, आणि गेल्या वर्षीचे आकडे आहेत का?

पुण्याच्या गाडीत बसले तेव्हा टिपणे पिशवीत होती, पण हात जाईना. सांगली, भिलवडी मागे पडले आणि किर्लोस्करवाडी आली. माझ्या मनात आले, आपण ज्याला ‘कंटेंट मार्केटिंग’ म्हणून घोकतो त्याचा धडा तर याच फलाटाच्या पलीकडे आहे. लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीशी लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या नांगराला झगडावे लागले. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे गेली असे सांगतात. १९१० मध्ये औंध संस्थानातील या माळावर कारखाना उभा राहिला, आणि १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखान्याच्या मालाची माहिती देणारे पत्रक पुढे मराठी घरोघर वाचले जाणारे मासिक झाले. ‘स्त्री’ १९३० मध्ये आणि ‘मनोहर’ १९३४ मध्ये त्याच्या पाठोपाठ आली. गिऱ्हाइकाला वाचावेसे वाटेल ते आधी द्यावे, आपले नाव त्याच्या ओळखीचे व्हावे, आणि नांगर लागेल तेव्हा त्याला ते नाव आठवावे. कराड येईपर्यंत मी हे उत्तर आपल्या शब्दांत जुळवून ठेवले. योगायोग असा की तो प्रश्न त्यांनी विचारलाच नाही.

त्यांनी विचारले ते चाचांबद्दल. समोर तिघे होते, मधल्या बाईंनी माझ्या अर्जातील ती ओळ बोटाने दाखवली आणि म्हटले, “तीन हजारांत किती तंबोरे विकले?”

खरे सांगायचे तर माझ्या मनात क्षणभर ‘दोन’ आले. कोण मिरजेला येऊन पाहणार होते? वडिलांचे लाल वर्तुळही डोळ्यांपुढे आले. पण एक खोटा आकडा सांगितला की त्यामागचे दहा आकडे जुळवत बसावे लागते, आणि त्रैराशिक समोरच्यालाही येतो. मी म्हटले, “जाहिरात चालू होती तोवर एकही नाही. महिन्याभराने बेळगावचे एक शिक्षक दुकानात आले, तासभर ऐकत बसले आणि बायकी तंबोरा घेऊन गेले.”

“तो जाहिरातीमुळे, हे तुम्हाला कसे कळले?”

“नक्की कळले नाही.” मग मी वहीची गोष्ट सांगितली. तंबोरा कोणी संकेतस्थळावर बोट ठेवून विकत घेत नाही. गिऱ्हाईक फोन करते, येते, ऐकते, गुरुजींना विचारते. यंत्राला यातले फक्त पहिले पाऊल दिसते. म्हणून चाचांच्या टेलिफोनशेजारी मी एक साधी वही ठेवली होती : तारीख, नाव, काय हवे, आणि ‘माहिती कोठून मिळाली’. बेळगावच्या शिक्षकांनी उत्तर दिले होते, “गुरुजींनी मिरजेचे नाव सांगितले, आणि दुकान मोबाइलवर सापडले.” मी दोन्ही गोष्टी लिहिल्या. सगळे श्रेय जाहिरातीला दिले असते तर पुढच्या महिन्यात आणखी तीन हजार घालावेसे वाटले असते. सगळे गुरुजींना दिले असते तर पानही बंद केले असते.

त्यानंतरची वीस मिनिटे बाउन्स रेट कोणी विचारला नाही. वर्ज्य शब्दांची यादी कशी केली, भोपळ्याच्या पेटीचे छायाचित्र टाकल्यावर चौकशांत काय फरक पडला, मानांकनाचा शब्द काढताना चाचा काय म्हणाले, असेच चालले होते. भोपळ्याच्या छायाचित्राबद्दल मी सांगितले की चारच फोनांवरून निष्कर्ष काढणे बरोबर नाही. एक पान छायाचित्रासह आणि एक त्याशिवाय असे निम्म्या-निम्म्या लोकांना दाखवून पाहायला हवे, आणि त्यासाठी आमच्याकडे पुरेसे लोक येत नव्हते. शेवटी पगाराचा विषय निघाला. त्याची तयारी मी मुळीच केली नव्हती आणि पहिल्याच आकड्याला मान डोलावून बसले. मैत्रिणी अजून त्यावरून बोलतात. तुम्ही तो आकडा घरून ठरवून जा.

बारा दिवसांनी नेमणुकीचे पत्र आले. सहा महिने उमेदवारी आहे; परीक्षा संपली की जूनमध्ये रुजू व्हायचे.

पेढे घेऊन चाचांकडे गेले. त्यांनी पेढा घेतला, दुवा दिली आणि विचारले, “मग आता आमचे फोन कोण घेणार?” हा प्रश्न मात्र मला मुलाखतीतल्या सगळ्या प्रश्नांपेक्षा जड गेला. सध्या त्यांच्या नातीला शिकवते आहे. ती अकरावीत आहे, वर्ज्य शब्दांची यादी माझ्याहून चांगली करते. वहीतले पहिले तीन रकाने ती नीट भरते. ‘माहिती कोठून मिळाली’ हे मात्र गिऱ्हाइकाला विचारायला अजून लाजते.